पासष्ट, सकाळी

हनीफ, तू गेल्याच्या तिसऱ्या दिवशी तुझ्या जियारतीला मी आलो होतो, आणि तिथंही गप्पच बसलो.

दुकानामागच्या गल्लीत मांडव होता. कुराण वाचून झालं, खजूर वाटून झाले, मग माणसं तुझ्याबद्दल बोलायला लागली. वाळूजच्या कंपन्यांना बस पुरवणारा तो ठेकेदार, सात वर्षांपूर्वी ज्यानं तुझं काम काढून घेतलं, तोही आला होता. मनापासून आला होता. डोळे ओले होते त्याचे. म्हणाला, "हनीफचा हात म्हंजे हात व्हता. इतक्या वर्षांत एकच टायर गेला त्याच्या हातून. तोबी बिचाऱ्याच्या मीटरनं दगा दिला म्हणून." सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. हातात दिलेला खजूर मी तसाच मुठीत धरून बसलो होतो. उठलो तेव्हा त्याचा चिखल झाला होता.

निघताना जावेदनं, तुझ्या धाकट्या भावानं, मला घरात बोलावलं. भाभी तुझ्यामागं इद्दतीत बसलेल्या, परक्या पुरुषासमोर यायचं नाही, त्यामुळं पडद्यामागून बोलल्या. त्यांनी फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी जावेदच्या हाती दिलं आणि आतून सांगितलं की हे त्यांच्या पेटीत होतं, वापरत नव्हते पण टाकूनही देत नव्हते, तुमच्या गाडीच्या वेळचं आहे म्हणून तुम्हीच ठेवा. फडकं न सोडताच मला कळलं. हवा मोजायचं तुझं जुनं पितळी मीटर.

आपण दोघं एकाच वर्षी वाळूजला आलो. मी सिल्लोडकडची शेती भावावर सोडून कंपनीत लागलो, तू बजाजनगरच्या कोपऱ्यावर एक कॉम्प्रेसर आणि दोन जॅक घेऊन बसलास. माझ्या स्कूटरचं पंक्चर काढताना गाव विचारलंस, घराणं विचारलंस, आणि पाटलाच्या घरचा आहे हे कळल्यावर टायरमधून डोकं वर न काढता म्हणालास, "मंग पाटील, घोडं कुठं बांधून आले?" तेव्हापासून तुझ्या दुकानात मला दुसरं नाव नव्हतं.

टायरात हवा किती ठेवायची, हा विचार करायचा प्रश्न आहे हे मला तुझ्यामुळं कळलं. कंपनीतून मुदतीआधी बाहेर पडून मी जुनी मिनीबस घेतली, सीटा काढल्या, आत पलंग, ओटा, फ्रिज, पाण्याची टाकी बसवून घेतली. वेरूळ-अजिंठ्याला येणाऱ्या लोकांना हॉटेलऐवजी कॅराव्हॅन. तू तिला घरगाडी म्हणायचास. पहिल्यांदा हवा भरायला आणली तेव्हा मी म्हणालो, दाराशी पट्टी आहे बघ, त्यावर आकडा लिहिलाय, तेवढी भर. तू पट्टी वाचलीस आणि तिच्यावर अंगठा ठेवलास.

"हे मिनीबससाठी लिव्हलंय. मिनीबसमधी माणसं बसत्यात आन् उतरत्यात. तुझं घर कवा उतरनार?"

मला वाटलं, चेष्टा करतोय. तू चेष्टा करत नव्हतास. गाडी रिकामी उभी असली तरी टाकी, बॅटरी, फळ्या, फ्रिज सगळं मागच्या चाकांवर बसलेलंच असतं, टायरला सुट्टी म्हणून नाही, हे तू मला जमिनीवर खडूनं चित्र काढून दाखवलंस. आणि मग वजनकाट्यावर चल म्हणालास. अंदाजानं हवा भरणारे या रस्त्याला लई हायेत, माझ्याकडं कशाला आला?

तो दिवस आठवला की अजूनही हसू येतं, आणि आलं की थांबवावं लागतं. टाकी तू काठोकाठ भरायला लावलीस. पलंगावर गाद्या, उशा, अगदी पांघरुणंसुद्धा. पाहुण्यांचं वजन पाहिजे म्हणून भाभींना, त्यांच्या बहिणीला आणि दुकानात टायर बदलायला थांबलेल्या दोन ड्रायव्हरांना आत बसवलंस. भाभींनी बरोबर जेवणाचा डबा घेतला होता, तोही गाडीतून उतरवू दिला नाहीस. काटेवाल्यानं खिडकीतून डोकं काढून विचारलं, माल काय हाय? तू म्हणालास, "सासरवाडी." भाभी आतून जे बोलल्या ते इथं लिहिण्यासारखं नाही.

आधी पुढची चाकं काट्यावर, मग मागची. दोन चिठ्ठ्या घेऊन तू दुकानातल्या कळकट तक्त्यापुढं अर्धा तास बसलास. मग सांगितलंस, पुढं पंचावन्न, मागच्या चारही टायरांना पासष्ट. कमी ठेवली तर टायरची बाजू दर फेऱ्याला दुमडते, तापते आणि एक दिवस आतून फाटते. जास्त ठेवली तर टायर रस्ता धरत नाही. आणि हे आकडे सकाळचे, गाडी हलायच्या आधीचे. एकदा गाडी चालली की आतली हवा तापून फुगते, मीटर जास्त दाखवतं. ती वाढ टायरची आहे, तिला हात लावायचा नाही.

"तापल्या टायरची हवा सोडनं म्हंजे ताप आलेल्या माणसाचं रक्त काढनं. ताप उतरल्यावर माणूस उठनार कसा?"

हे तू मला एकदा नाही, पन्नासदा सांगितलंस. मला ठाऊक नव्हतं असं मी कुठंच म्हणू शकत नाही. मागच्या चाकाच्या वर तू स्वतः ब्रश घेऊन लिहिलंस: ६५ सकाळी. अक्षर तुझं, उतारावरून घसरल्यासारखं.

वर्षभरानं मी गाडीला नवा रंग दिला. पेंटरनं विचारलं, साहेब, हे 'सकाळी' काय? पाहुणे हसतील. मी म्हणालो, काढून टाक, नुसता आकडा ठेव. त्यानं सुबक ६५ काढला. दुसऱ्या दिवशी तू ते पाहिलंस. शब्द होता त्या जागेवरून एकदा बोट फिरवलंस आणि कॉम्प्रेसर चालू केलास.

मग तो उन्हाळा. अजिंठ्याचा रस्ता तेव्हा जागोजाग उकरून ठेवलेला. पाहुणे तक्रार करायचे, भांडी वाजतात, मागं पडून राहता येत नाही, कंबर धरते. मी तुला म्हणालो, मागं पन्नास कर, गाडी मऊ चालेल. तू नाही म्हणालास. मी पुन्हा म्हणालो, तू पुन्हा नाही. पाहुण्याला हादरा बसला तर तो शिव्या देईल, टायरला बसला तर तो काहीच बोलणार नाही, असं काहीतरी तुझं चाललं होतं. चार ड्रायव्हर ऐकत होते. मला अपमान वाटला. मी म्हणालो, तू टायरवाला आहेस, धंदा मला करायचाय. तू हात पुसत म्हणालास, "मंग धंदेवाल्याकडून हवा भर."

आठ दिवस आपण बोललो नाही. त्या आठ दिवसांत मी बाजारातून स्वतःचं मीटर विकत आणलं. कशासाठी, ते तेव्हा कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

नवव्या दिवशी पुण्याचे एक निवृत्त शिक्षक आणि त्यांच्या पत्नी यायचे होते. सकाळी सहाला मी तुझ्याच दारात गाडी उभी केली, कारण दुसऱ्या कुणावर माझा भरवसा नव्हता. तू बाहेर आलास. सलाम नाही, पाटील नाही. एकेका टायरात हवा भरलीस, आणि शेवटी मीटर हातात धरून माझ्या खिडकीकडं बघत उभा राहिलास, उतरून आकडा बघ म्हणून. मी मोबाईलमध्ये डोकं घातलं. तू थोडा वेळ थांबलास आणि आत गेलास.

दुपारी आम्ही फर्दापूरला पोचलो. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. बाई उतरता उतरता म्हणाल्या, मागं फार आदळतंय हो. गुरुजी त्यांना घेऊन सावलीला गेले. मी माझं नवं मीटर काढलं आणि मागच्या टायरला लावलं. अठ्ठ्याहत्तर.

हनीफ, त्या क्षणी माझ्या मनात काय आलं ते सांगतो. माझ्या मनात आलं, यानं मुद्दाम जास्त भरली. मला धडा शिकवायला. इतकी वर्षं तुझ्या हाताखालून गाडी नेत होतो, आणि पहिला विचार हा आला. टायरला मी हात लावला. चटका बसला. म्हणजे मला कळत होतं. तरी मी व्हॉल्व दाबला. वर सुबक अक्षरात ६५ लिहिलं होतं, मी चारही टायर पासष्टवर आणले. तिथं तुझा तो शब्द असता तर माझा हात थांबला असता का? बरंच काही मला या सात वर्षांत समजलं, हे समजलं नाही.

आणि एवढ्यावर मी थांबलो नाही. पासष्टवर आल्यावर प्रत्येक टायरची आणखी थोडी सोडली, साठपर्यंत. पासष्टपर्यंतची चूक म्हणता येईल. पुढची पाच चूक नव्हती, तुझ्यावरचा राग होता.

दुसऱ्या दिवशी लेणी बघून भर उन्हात परत निघालो. घाट चढलो, अजिंठा गाव मागं पडलं, आणि सिल्लोडच्या अलीकडं मागच्या जोडीतला आतला टायर फुटला. गाडी एका अंगावर कलली, रस्ता सोडून नांगरलेल्या रानात घुसली आणि थांबली. गुरुजींना खरचटलं. बाई पलंगावरून ओट्यावर आपटल्या, खांद्याचं हाड मोडलं. मातीत उभं राहून मी पहिला फोन तुला केला. आठ दिवसांचा अबोला, आणि पहिला फोन तुला. तू फक्त विचारलंस, माणसं हायेत ना? आणि मोटारसायकलवर जॅक बांधून निघालास.

संध्याकाळी त्यांचा मुलगा पुण्याहून दवाखान्यात आला. रागात होता, असणारच. गाडीची देखभाल कोण बघतं म्हणून विचारलं. मी म्हणालो, "हवा कालच आमच्या टायरवाल्यानं भरली होती. टायरचं सगळं त्याच्यावर असतं." यातला एकही शब्द खोटा नव्हता. तू माझ्या मागं काळ्या हातांनी उभा होतास.

तो आत गेल्यावर तू मला नळाकडं घेऊन गेलास. हात धुता धुता, माझ्याकडं न बघता विचारलंस, "पाटील, मधी कुठं हवा बघितली व्हती का?"

मी म्हणालो, "नाय."

"पक्कं?"

"नाय म्हणलं ना."

तू नळ बंद केलास. मला आठवतं ते हे, की तू तो नीट, घट्ट बंद केलास.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन यायच्या आत, तू उरलेल्या तीन टायरांची हवा मोजलीस, सिल्लोडच्या एका टायरवाल्याचं मीटर मागून आणून, कारण तुझं दुकानातच राहिलं होतं. पन्नासच्या आसपास. तू गाडीला टेकून मातीत बसून राहिलास. बजाजनगरला परतल्यावर दुकानात ठेकेदार होता, ड्रायव्हर होते, सगळ्यांना बातमी लागलेली. त्यांच्यासमोर तू म्हणालास, "माझंच मीटर बिघडलं व्हतं. जास्त दाखवत व्हतं." ते फडक्यात गुंडाळून ठेवलंस आणि त्याच दिवशी नवं आणलंस. मी तिथंच बाकावर होतो. चहा आला, मी घेतला.

महिन्याभरात ठेकेदारानं त्याच्या बस दुसरीकडं नेल्या. कामगार बसतात, जोखीम नको, म्हणाला. त्यानंतर तू प्रत्येक टायर दोनदा मोजायला लागलास. ड्रायव्हर म्हणायचे, हनीफमामू, टायर हाय, बीपी नव्हं. सगळे हसायचे. मी पण हसलोय, हनीफ. हेही लिहायला हवं.

आणि सगळ्यात वाईट हे की आपलं सगळं पुन्हा सुरळीत झालं. ईदला शिरखुर्मा आला, दिवाळीला फराळ गेला. माझ्या मुलीच्या लग्नात वऱ्हाडाच्या तिन्ही गाड्यांची हवा तू सकाळी येऊन बघितलीस, आणि जेवायला बसलास ते शेवटच्या पंगतीला, गाड्या सुखरूप पोचल्याचा फोन आल्यावर. भाभी चिडल्या होत्या, तुझ्यासाठी जिलबी उरली नाही म्हणून. माझ्या घरच्या माणसांना तू रस्त्यावर असा जपलास, आणि त्याचे आभारसुद्धा मला मान वर करून मानता आले नाहीत.

गेल्या वर्षी एकदा टपरीवर चहा घेताना तू एकदम म्हणालास, "पाटील, कवा कवा वाटतं, त्या टायराचा व्हॉल्व सुटला असंल का?" कपात बघत होतास. एका टायरचा सुटतो. चार टायरांचे व्हॉल्व एका दुपारी सारखे सुटत नाहीत, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक? तू मला दार उघडून दिलं होतंस. आत जायचं एवढंच माझं काम होतं. मी म्हणालो, "असंल." तू "हौ" म्हणालास आणि कप खाली ठेवलास.

जियारतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी थंड असताना, मी तुझं जुनं मीटर टायरला लावलं. मग माझं लावलं. मग विश्वास बसेना म्हणून शहरात जाऊन एका मोठ्या दुकानातलं काट्यासारखं नेमकं यंत्र लावून घेतलं. तिन्ही आकडे एक. ते बिघडलंय हे मानणं मलाही सोयीचं होतं, पण तुझं मीटर कधीच बिघडलेलं नव्हतं. पासष्ट म्हणजे पासष्ट.

मी त्या दुकानाच्या पायरीवर बसलो. कारण मग पुढचं आपोआप आलं. नवं मीटर आणल्यावर ते आणि जुनं एकाच टायरला लावून बघितलं नसशील, असा तू माणूसच नव्हतास. तू काड्यापेटी घेतली तरी एक काडी ओढून बघायचास. म्हणजे त्याच दिवशी तुला कळलं होतं. मीटर बरोबर होतं, हात बरोबर होता, हवा कुणीतरी सोडली होती. आणि गाडीत माझ्याशिवाय तसं करणारं कुणी नव्हतं. तरी पुढची सात वर्षं तू जे येईल त्याला हेच सांगितलंस, की माझं मीटर बिघडलं होतं. आणि प्रत्येक टायर दोनदा मोजत राहिलास. का? लोकांना दाखवायला? की माझं 'नाय' खरं मानायचं ठरवलंस आणि मग स्वतःचा हात खोटा मानावा लागला? मी उत्तरं तयार करतो, आणि प्रत्येक उत्तरात मी थोडा बरा माणूस निघतो. म्हणून त्यातलं एकही मला खरं वाटत नाही. तुला विचारायला हवं होतं. विचारायचं म्हणजे आधी सांगायला हवं होतं. आता कुणाला विचारू?

परवा भाभींकडं गेलो. पडद्याच्या अलीकडं खुर्चीवर बसून सगळं सांगितलं. फर्दापूर, चटका, साठ, नळ. इतकी वर्षं न सांगितलेलं सांगायला फार वेळ लागत नाही. आत पंखा फिरत होता. भाभींनी विचारलं, "त्यांना सांगितलं व्हतं?"

मी नाही म्हणालो.

"मंग मला कशाला सांगता?" आवाज चढला नाही. "ज्यांच्यासमोर ते बोलले, त्यांच्यासमोर बोला. आन् ते मीटर दुकानात द्या. तुमच्याकडं नको."

मी घरी जाऊन गाडी काढली आणि दुपारी दुकानावर आलो. जावेद होता, चार-पाच ड्रायव्हर होते, ठेकेदाराचा मुकादमही होता. मी उभ्यानंच बोललो. मधूनच सुरू केलं, मागचं पुढं झालं, साठ सांगायचं विसरलो आणि परत मागं येऊन सांगितलं. मला वाटलं होतं, कुणीतरी शिवी देईल. कुणी दिली नाही. एकानं हातातला चहा ओतून टाकला. मुकादम म्हणाला, मालकाला सांगतो, आणि बाहेर जाऊन उभा राहिला. मालकाला कळलं तरी तो आता काय करणार, हनीफ? बस परत आणून कुणाच्या हाती देणार?

मी पुढं केलेलं फडकं जावेदनं सोडलं. मीटर शर्टाच्या टोकानं पुसलं, कॉम्प्रेसरच्या वरच्या रिकाम्या खिळ्याला अडकवलं. भिंतीवर त्याच्या आकाराचा डाग अजून होता. मला तिथून हलता येईना, म्हणून मी म्हणालो, "गाडीची हवा बघतो का?"

तो बाहेर आला. खिळ्यावरचं मीटर घेतलं नाही. मागच्या टायरवर तळवा ठेवला, अगदी तू ठेवायचास तसा, आणि उचलला. एरवी मला पाटीलभाई म्हणायचा. या वेळी म्हणाला नाही.

"गरम हाय," म्हणाला. "सकाळी या."

गाडी तिथंच ठेवून मी चालत घरी आलो.